परत आलेल्या फॉर्मांबद्दल, सर, मनापासून आभार

आदरणीय सर,

"डोळा दुखतो, हलत नाही, एमआरआय करावा" एवढंच खरडलेला फॉर्म तुम्ही रेडिओलॉजी विभागातून परत पाठवता, तेव्हा वॉर्डात कुणालाच आनंद होत नाही. तरीही हे पत्र त्या परत आलेल्या फॉर्मांबद्दल आभार मानण्यासाठीच आहे. दोष कुठे आहे हे तपासणीत ठरलं नाही, तर स्कॅनमध्ये नेमकं कुठे बघायचं तेही ठरत नाही.

डोळा हलवणाऱ्या मेंदूच्या नसा तीन: तिसरी, चौथी आणि सहावी. त्यांतल्या एकाहून जास्त नसा गेल्या आणि त्याच बाजूचं कपाळ बधिर असेल, तर दोष कॅव्हर्नस सायनसमध्ये (डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी असलेला शिरांचा कप्पा) किंवा सुपिरिअर ऑर्बिटल फिशरमध्ये (नसा डोळ्याच्या खोबणीत शिरतात ती फट). त्यात नजर उतरली, लाल रंग फिका दिसू लागला, तर ऑर्बिटल एपेक्स, म्हणजे त्या खोबणीचं मागचं टोक. सहावी नस गेली आणि त्याच बाजूची बाहुली बारीक, तर बोट कॅव्हर्नस सायनसवरच ठेवायचं. तिसरी नस गेल्यावर डोळा आत वळत नाही, मग चौथीची नेहमीची परीक्षा होत नाही. तिथे तुमची सूचना फार कामाची: रुग्णाला खाली बघायला सांगा आणि बुबुळाशेजारच्या पांढऱ्यावरची एखादी रक्तवाहिनी धरून बघा. डोळ्याचा वरचा भाग नाकाकडे गोल फिरताना दिसला, तर चौथी शाबूत आहे.

बाहुलीबद्दलचा तुमचा हट्ट तर योग्यच. दोन्ही बाहुल्यांतला फरक उजेडात वाढला तर मोठी बाहुली आजारी, अंधारात वाढला तर बारीक. दुखणारी तिसरी नस आणि मोठी बाहुली म्हणजे पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीचा फुगा नाही ना, हे त्याच दिवशी सीटी अँजिओग्राफीने बघायचं. मधुमेहातही नस दुखते, कधीकधी भरपूर दुखते. पण तिथे बाहुली बहुधा वाचते आणि साधारण 3 महिन्यांत डोळा सुधारतो. मात्र पक्षाघात अर्धवट असेल, तर वाचलेल्या बाहुलीवर भिस्त ठेवता येत नाही. ती काही दिवसांतही मोठी होऊ शकते.

स्कॅनचंही तसंच. मेंदूच्या नेहमीच्या 5 मिमीच्या कापांत कॅव्हर्नस सायनसमधली छोटी गाठ निसटते. 3 मिमी किंवा त्याहून पातळ कोरोनल (चेहऱ्याला समांतर उभे) काप, गॅडोलिनियम हा कॉन्ट्रास्ट आणि चरबी दाबणारा सिक्वेन्स मागावा लागतो, कारण डोळ्यामागची चरबी एरवी इतकी पांढरी दिसते की कॉन्ट्रास्ट तिच्यात हरवतो. सुपिरिअर ऑप्थॅल्मिक शीर जाड दिसली की तुम्ही लगेच फोन करून विचारता, "मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला का?" रक्तप्रवाहाचा नाद ऐकू आला आणि डोळा लाल होऊन सुजला, तर कॅरोटिड-कॅव्हर्नस फिश्चुला (कॅरोटिड धमनीचं रक्त कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरणं); ताप आणि नाकाशेजारच्या सायनसचा संसर्ग असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी.

सगळ्यात मोठे उपकार स्टिरॉइड अडवून धरल्याबद्दल. मधुमेही रुग्णाच्या नाकात काळी खपली, स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट न घेणारं टर्बिनेट (नाकातलं वळलेलं हाड), म्हणजे म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) संशय. आधी नाकाची एंडोस्कोपी, स्टिरॉइड नाही. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) स्टिरॉइडने तात्पुरता आक्रसतो आणि मग बायोप्सीत काही हाती लागत नाही. उलट पन्नाशीपुढच्या माणसाला चावताना जबडा दुखत असेल आणि रक्तातले दाहाचे निर्देशांक ईएसआर, सीआरपी वाढलेले असतील, तर जायंट सेल आर्टरायटिससाठी (धमन्यांच्या दाहासाठी) स्टिरॉइड द्यायला उशीर करायचा नाही. एकाएकी डोकं फुटल्यासारखं दुखून नजर गेली, तर पिट्युटरी ग्रंथीतला रक्तस्राव. तिथे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइडच जीव वाचवतं. हे अपवादही तुम्हीच लक्षात आणून दिलेत.

टोलोसा-हंट (कारण न सापडणाऱ्या दाहाने डोळा दुखून हलेनासा होणं) हे नाव तुम्ही संभाव्य निदानांच्या यादीच्या तळाशी ठेवता. टोलोसाचं वर्णन 1954 चं, हंट आणि सहकाऱ्यांचं 1961 चं. पण आजच्या निकषांत एमआरआय किंवा बायोप्सीत ग्रॅन्युलोमॅटस (पेशींच्या बारीक गाठी करणारा) दाह दिसावा लागतो आणि वेदना पक्षाघाताच्या आधी 2 आठवड्यांच्या आत किंवा त्याच्याबरोबर सुरू व्हावी लागते. स्टिरॉइडने वेदना बहुधा 72 तासांत उतरते, हालचाल परतायला आठवडे लागतात. तेवढ्या उताऱ्यावर निदान लिहून मोकळं होण्याचा मोह मोठा असतो. रिपोर्टखाली "वेदना थांबली तरी फेरस्कॅन" ही तुमची ओळ तेव्हाच उपयोगी पडते. तसाच दाह करणाऱ्या सारकॉइड, क्षय, आयजीजी4 या आजारांच्या तपासण्याही त्या ओळीमुळेच मागे राहत नाहीत.

नव्या फॉर्मवर बाहुलीच्या मापासाठी उजेड आणि अंधार असे दोन रकाने केले आहेत. नादासाठी जागा उरली नाही, तो मागच्या बाजूला लिहितो. कृपया फॉर्म उलटून बघावा.

आपले,
नेत्र आणि मेंदूविकार विभागांतले निवासी डॉक्टर