हायड्रोजन पंप : अनुदान कशावर द्यावं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमोनिया हायड्रोजनपासून बनतो. त्याच्या कारखान्यात वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या देखभालीवर माझी २७ वर्षं गेली. हायड्रोजनची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. लाइन गळतेय असा संशय आला की आम्ही लांब दांड्याचा झाडू पुढे धरून एकेक पाऊल टाकायचो. झाडूची टोकं पेटली की समजायचं, आग इथे आहे. म्हणून सरकारने हायड्रोजनच्या गाड्यांना उत्तेजन द्यावं असं वाचलं, की मला गाडीच्या आधी तिच्यात वायू भरणारा पंप दिसतो.

मोटारीत हा वायू भरायचा तर तो ७०० बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबायचा आणि उणे ४० अंशांच्या आसपास थंड करायचा. ओळीने काही गाड्या भरल्या की नोझलवर बर्फ धरतं आणि नोझल गाडीलाच चिकटून बसतं. शिवाय रेणू इतका बारीक, की दुसरा वायू जिथे अडतो तिथूनही हा वाट काढतो. सील सतत तपासावं लागतं. पंप उभारणं त्यामानाने सोपं, रोज चालू ठेवणं कठीण.

जपान सरकारने २०२५पर्यंत २ लाख गाड्यांचं लक्ष्य ठेवलं, अनुदानही दिलं. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्याही गाड्या आल्या नाहीत. कॅलिफोर्नियात सरकारने पंपांना मदत केली, तरी २०२४ मध्ये शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले तिथले पंप कायमचे बंद केले. ज्यांनी विश्वासाने गाड्या घेतल्या त्यांचं काय झालं असेल, याने मी खरोखर अस्वस्थ होतो.

माझी कळकळीची विनंती आहे : उद्घाटन झालं की अनुदान, ही पद्धत सोडा. पंप महिन्यात किती दिवस चालू होता आणि किती किलो वायू भरला गेला, ते मोजून पैसे द्या. आणि ते आधी ट्रक-बसना द्या. त्यांचे मार्ग ठरलेले असतात, रात्री सगळ्या एकाच आगारात येतात, एक पंप नीट राखला की काम भागतं. छोट्या मोटारींना बॅटरीच बरी. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांहून जास्त वीज लागते आणि तिचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो.

ज्वाला टिपणारे कॅमेरे आता मिळतात, झाडूची गरज उरलेली नाही. पण कॅमेऱ्यात काय दिसतंय ते ओळखणारा, सील बदलणारा माणूस काही महिन्यांत तयार होत नाही. त्याचं प्रशिक्षण गाड्यांच्या घोषणेआधी सुरू करा.

— एक निवृत्त देखभाल अभियंता