एका ‘किंवा’मुळे

महोदय,

आपल्या आडनावाची पाटी दुकानावर लावताना कोणी परवानगी मागत नाही. इंटरनेटवर मात्र तेच अंगाशी येऊ शकते. अमेरिकेतील उझी निस्सान यांनी १९९४ मध्ये संगणक व्यवसायासाठी ‘निस्सान डॉट कॉम’ हा संकेतस्थळाचा पत्ता घेतला, आडनावच ते! १९९९ मध्ये निस्सान मोटार कंपनीने एक कोटी डॉलरचा दावा ठोकला. पत्ता अखेर उझी यांच्याकडेच राहिला, पण कोर्टकचेऱ्यांत आठेक वर्षे गेली आणि पैसा पाण्यासारखा ओतावा लागला.

नामांकित ब्रँडचे नाव आधीच अडवून पैसे उकळणाऱ्यांना चाप हवाच, त्याबद्दल दुमत नाही. खटकतो तो आपल्या भारतीय ‘डॉट इन’ पत्त्यांच्या तंटा-नियमातला एक शब्द. ‘डॉट कॉम’च्या नियमात नाव वाईट हेतूने घेतले ‘आणि’ तसेच वापरले, हे दोन्ही तक्रारदाराला सिद्ध करावे लागते. आपल्याकडे तिथे ‘किंवा’ आहे, एकावरच भागते. माझा भाचा आडनावाच्या ‘डॉट इन’ पत्त्यावरून मसाले विकतो. उद्या त्याच नावाची मोठी कंपनी उभी ठाकली, तर वकील कुठून आणायचा त्याने? ‘डॉट इन’चा कारभार पाहणाऱ्या ‘निक्सी’ या संस्थेने एवढा ‘किंवा’ तरी बदलावा.

– एक वाचक, सातारा