तळवे चाळीस वर्षं सपाट, दोन महिने दुखरे: फिजिओताईंना आभाराचं पत्र

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र तुम्हालाच आहे, पण माझ्यासारखी कुणी टाच चोळत बसली असेल तर तिनेही वाचावं म्हणून उघड लिहितेय.

मी एसटीत कंडक्टर, नाशिक–त्र्यंबक मार्गावर. दुखणं माघात सुरू झालं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. भिंत धरून मोरीपर्यंत जायचं, दहा-बारा पावलांनी जरा सैल पडायचं, आणि नाशिकच्या सीबीएस स्थानकावरून गाडीची तिसरी फेरी निघेपर्यंत पुन्हा तेच. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. झालं, घरात सगळ्यांनी माझं ऑपरेशन ठरवूनच टाकलं.

तेवढ्यात एका दुकानात गेले. काचेच्या मशीनवर उभं केलं, पडद्यावर माझे तळवे लाल-हिरवे दिसले. ‘मॅडम, तळवे सपाट आहेत, मापाचे इनसोल लागतील, 4,500 रुपये, आज ऑर्डर दिली तर सूट.’ इनसोल म्हणजे बुटात घालायची गादी. भिशीचे पैसे पर्समध्येच होते. पण बोलण्यातली घाई खटकली, म्हणून डेपोतल्या मैत्रिणीला फोन केला आणि तिने तुमचा पत्ता दिला.

तुम्ही पायाला हात लावण्याआधी माझी चप्पल मागितलीत, आठवतं? उलटी केली, मधून वाकवली, ती पापडासारखी दुमडली. मग विचारलंत, ‘तळवे कधीपासून सपाट आहेत?’ म्हटलं, लहानपणापासून, आईचेही तसेच. ‘आणि दुखतंय कधीपासून?’ दोन महिने. ‘चाळीस वर्षं सपाट असलेला पाय दोन महिन्यांपूर्वी एकदम कसा बिघडला? तेव्हा बदललं काय, ते सांगा.’

बदललं होतं ना! आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. जुन्या घराची खडबडीत शहाबादी गेली, गुळगुळीत फरशी आली आणि स्वयंपाकघरात मी अनवाणी तासन् तास उभी. वर जादा ड्युट्या. हे मशीनला कसं कळणार?

वाढलेल्या हाडाची भीतीही तुम्हीच घालवलीत. तसं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही सापडतं, म्हणालात. दुखतोय तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा. आणि मग तो प्रश्न, ज्यावर मी हसले आणि नंतर गप्प झाले: ‘दिवसभर चप्पल घालता. साडेचार हजारांची गादी ठेवणार कुठे?’

इनसोल नकोच, असं तुम्ही म्हणाला नव्हता. ‘आधी बघू तरी,’ म्हणालात. तळव्याला चिकटपट्टी बांधून दिलीत आणि दोन दिवस तशीच ड्युटी करायला सांगितलीत. आधाराने बरं वाटतंय का, हे तपासायचा हा स्वस्त मार्ग. मला बरं वाटलं. तरीही मापाचं करू नका, तयार मिळतं ते घ्या, टाचेच्या या दुखण्यात दोन्हींत फारसा फरक दिसलेला नाही, म्हणालात. पण त्याआधी बूट घ्या, म्हणालात: बोटांपाशी वाकणारा, मधून न दुमडणारा, टाचेमागे दाबला तर न बसणारा. खरेदीला संध्याकाळी जायचं, तेव्हा पाय सुजलेले असतात. बुटातली मूळ गादी काढून मग नवी घालायची, नाहीतर टाच वर येऊन बूट निसटतो. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवायचं. गुडघा किंवा कंबर कुरकुरली तर काढून ठेवायची. माझा तयार जोड 700 रुपयांत आला.

खरं काम मात्र पोटरीने केलं. भिंतीला हात, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, तीस सेकंद, तीन वेळा. आणि उठण्याआधी अंथरुणातच ओढणीने बोटं स्वतःकडे ओढायची. पहिले तीन आठवडे काडीचा फरक पडला नाही, मी मनात तुम्हाला बरीच नावं ठेवली, ते आज कबूल करते. साधारण दोन महिन्यांनी एका सकाळी मोरीपर्यंत पोहोचले आणि लक्षात आलं, भिंत धरलीच नाही.

घरात चप्पल घालायची म्हटल्यावर सासूबाईंनी मोठा गहजब केला. स्वयंपाकघरात चप्पल? शेवटी वेगळा धुतलेला जोड ठेवायचा, देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढायचा, असा तह झाला. त्या वादातूनच त्यांच्या पायांचं निघालं. मी तुमच्यापाशी सहज बोलले की सासूबाईंना पंधरा वर्षं साखर आहे, तर तुम्ही त्यांनाच घेऊन यायला सांगितलंत. डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा धागा टोचलात. तीन ठिकाणी त्यांना काही कळलंच नाही. त्या तर दर श्रावणात त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी अनवाणी घालणाऱ्या!

मला ‘थांबा’ म्हणणाऱ्या तुम्ही त्यांना मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलंत. इथे वाट बघायची नाही, खडा टोचला तरी कळणार नाही आणि जखम चिघळेल, म्हणालात. त्यांना मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल पायाच्या मापाने करून घेतली. त्या पैशाला मी का-कू केली नाही. आता रोज चप्पल घालण्याआधी आत हात फिरवतात आणि रात्री मला तळवे दाखवतात.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी फेरीच्या जादा गाड्यांवर होते. रात्रभर माणसं, ओले कपडे, तिकिटं. पहाटे डेपोत बूट काढले तेव्हा पाय थकले होते, टाच दुखत नव्हती. सासूबाई त्या दिवशी चप्पल घालून त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडापर्यंतच गेल्या. देवाने चालवून घेतलं, म्हणाल्या.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तर आम्हाला उसंत मिळणार नाही, त्याआधी एकदा पाय दाखवायला येते. सासूबाईंनी तुमच्यासाठी उन्हाळ्यातल्या कुरडया डब्यात ठेवल्यात, त्याही घेऊन येते.

तुमची,
त्र्यंबक गाडीवरची कंडक्टर