फायबर कुजत नाही, बोट मात्र कुजते

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुन्या लहान केबिन बोटी दुरुस्त करून वापरण्याविषयी जे काही छापून येते, त्यात एक वाक्य हमखास असते: ‘फायबरग्लास कुजत नाही.’ वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचे कवच पन्नास वर्षे सहज टिकते. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या कितीतरी बोटींचे तळ आजही ठणठणीत आहेत. मात्र त्या कवचाच्या पोटात लाकूड असते. मागच्या उभ्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, प्लायवूड असते. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळयांत, म्हणजे स्ट्रिंजरमध्ये, प्लायवूड किंवा पाइन असते. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड किंवा पुन्हा प्लायवूडच. हे लाकूड कुजलेले बाहेरून दिसत नाही, आणि हौशी माणूस कामाला हात घालतो तो रंगापासून. वरून कीर्तन, आतून तमाशा!

बोट घेण्याआधीची परीक्षा तासाभराची आहे. प्लास्टिकच्या मुठीची छोटी हातोडी, ५ मिमीचा ड्रिल बिट आणि टॉर्च एवढ्यावर भागते. हातोडीच्या मुठीने डेक आणि ट्रान्सम चार-चार बोटांच्या अंतरावर ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज टणक येतो. थर सुटला असेल किंवा लाकूड भिजले असेल तिथे भद्द येतो. आवाजावरून जागा कळते, आत नेमके काय झाले ते कळत नाही. त्यासाठी भोक पाडावे लागते: ट्रान्समच्या आतल्या बाजूने, पाणी काढायच्या बुचाच्या दोन्ही अंगांना आणि इंजिनच्या बोल्टांखाली. बाहेरचा थर फुटू नये म्हणून बिटाला ३० मिमीवर टेप गुंडाळावी. भुसा फिकट, कोरडा आला तर लाकूड जिवंत आहे. काळपट आला आणि चिमटीत दाबल्यावर पाणी सुटले, तर ट्रान्सम बदलायचा हे धरून चालावे. भोके नंतर इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने, बुजवता येतात. मालक भोक पाडू देत नसेल तर तेही एक उत्तरच. ओलावा मोजण्याच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नये. आतली धातूची फिटिंग, टाकी किंवा तांबे असलेला रंग त्याला सहज फसवतो.

कुजलेल्या लाकडात बारीक भोके पाडून पातळ इपॉक्सी ओतण्याचा एक उपाय सर्रास सांगितला जातो. तो फसतो. भिजलेले लाकूड रेझिन पीत नाही. रेझिन भोकाभोवती गोळा होऊन बसते आणि बाकीची कूज आत चालूच राहते. लाकूड काढण्याला पर्याय नाही.

ट्रान्सम आतून उघडावा. कडेला ५० ते ७५ मिमीची पट्टी सोडून आतला थर कापायचा आणि कुजका प्लाय पटाशीने काढायचा. बाहेरच्या थराला धक्का लावायचा नाही. त्याआधी एक गोष्ट लोक विसरतात: ट्रान्सम बहुधा सपाट नसतो, त्याला किंचित बाक असतो. प्लाय निघाला की उरलेला पातळ थर हवा तसा लवतो आणि नवा प्लाय चिकटवल्यावर त्याच चुकीच्या आकारात कायमचा बसतो. मग वरची डेक जागेवर येत नाही. म्हणून कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा काढावा आणि बाहेरून बाकाला जुळणाऱ्या फळ्यांचा आधार द्यावा.

नव्या गाभ्यासाठी बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाच्या दर्जाचा मरीन प्लाय वापरावा. बाहेर टांगायच्या लहान इंजिनसाठी १८ मिमीचे दोन थर एकावर एक चिकटवले की सुमारे ३६ ते ३८ मिमी जाडी मिळते. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा भाग ट्रान्सममधून बाहेर, असेल तर तेवढ्यावर भागत नाही. तिथे साधारण दोन ते सव्वादोन इंच जाडी लागते आणि आतला-बाहेरचा पृष्ठभाग समांतर असावा लागतो. तेव्हा इंजिनच्या पुस्तिकेतला आकडा पाहिल्याशिवाय प्लाय कापू नये. प्लायच्या कडा तहानलेल्या असतात. आधी नुसते इपॉक्सी दोनदा पाजावे, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेले इपॉक्सी दातेरी उलथण्याने पसरावे. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नयेत. इपॉक्सीला दाब लागत नाही, थर लागतो. जास्त आवळले की गोंद कडेने बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

काचेचे कापड घालण्याआधी प्रत्येक आतल्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची १२ ते १५ मिमी त्रिज्येची गोलाई द्यावी. ते काटकोनात वळत नाही, मागे हवा धरते. गोलाईवर बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना तंतू असलेल्या शिवलेल्या, कापडाचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा २५ मिमी पुढे जाणारा, जेणेकरून जाडी एकदम न संपता उतरती राहील. तळाच्या कवचातच तुकडा बसवायचा असेल तर उतार १:१२ धरावा: ५ मिमी जाडीसाठी ६० मिमी रुंद उतार, चारही बाजूंनी. जुन्या कवचावरचा रंग, मेण, तेल घालवून ४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काच उघडी पाडल्याशिवाय काहीही चिकटवू नये. नंतर सुटणाऱ्या जोडांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच राहून गेलेले असते.

रेझिन कोणते? मूळ बोट पॉलिएस्टरची असते, म्हणून दुरुस्तीही पॉलिएस्टरनेच करावी असे नाही. लाकडाला आणि जुन्या कवचाला इपॉक्सी अधिक घट्ट धरते. गाभा आणि सांध्यांना तेच घ्यावे. मात्र नेहमीची तुटक काचतंतूंची मॅट इपॉक्सीत चालत नाही. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही, त्यामुळे ती कडकच राहते. विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट, म्हणजे कवचाचा बाहेरचा चमकदार रंगीत थर, भरवशाचा बसत नाही, म्हणून त्या जागी शेवटी रंगच लावायचा. हार्डनरच्या बाबतीतही दोघांचा स्वभाव वेगळा. पॉलिएस्टरला एमईकेपी, म्हणजे त्याचा पेरॉक्साइड हार्डनर, वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, हवामानानुसार कमी-जास्त. इपॉक्सीचे प्रमाण ठरलेले असते. ‘लवकर सुकावे’ म्हणून हार्डनर वाढवला तर ते कायमचे मऊ राहते. शिवाय प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे डब्यावर वाचावे. दोन्ही आकडे सारखे नसतात. कालवलेले इपॉक्सी पेल्यात ठेवू नये, तापून धूर काढते. पसरट ट्रेमध्ये ओतावे. सुकल्यावर वर तेलकट साय आली तर घासण्याआधी साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवावी. न धुता घासले की ती पॉलिश पेपरने आत रगडली जाते.

इथे जिवाची गोष्ट. कोबाल्टचा अ‍ॅक्सलरेटर (पॉलिएस्टर लवकर घट्ट करणारा पदार्थ) वेगळा मिळत असेल तर तो आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र करू नयेत, स्फोट होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरे. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. संरक्षक चष्म्याशिवाय बाटली उघडू नये.

स्ट्रिंजर बदलताना सगळे एकदम काढू नयेत. बोट ट्रेलरच्या दोन रोलरवर ठेवून तुळया कापल्या तर कवच तिथेच खाली बसते आणि तळाला आलेला पोक पुन्हा जात नाही. आधी पाणसळीने बोट समतल करावी, तळाला अनेक ठिकाणी रुंद आधार द्यावा, मग एका वेळी एकच तुळई. नवी तुळई कवचावर थेट टेकवू नये. खाली फोमची पट्टी किंवा घट्ट इपॉक्सीचा थर ठेवावा, नाहीतर लाटेच्या माऱ्यात तळावर त्या रेषेत तडे उमटतात.

तुळयांमधला फोम बहुतेक जण पाहतही नाहीत. ओतलेला पॉलियुरेथेन फोम घनमीटरला सुमारे ३० किलो भरतो, म्हणजे १० सेंटिमीटरचा ठोकळा साधारण ३० ग्रॅम. कापून वजन करावे. १०० ग्रॅमच्या वर गेला तर आत पाणी आहे, आणि शंभर लिटर फोममागे बोट कित्येक किलो फुकट वाहते आहे. फोम काढला तर तेवढाच परत भरावा. फायबरग्लास पाण्यापेक्षा जड असते. बोट पाण्याने भरली तर तिला वर ठेवणारा तोच. फक्त तळाशी पाणी बुचाकडे वाहायला वाट ठेवावी.

डेक भिजते ती फिटिंगच्या स्क्रूंमुळे. रेलिंगचे खांब, दोर बांधायचे क्लीट, खिडक्या यांची भोके थेट बाल्सात गेलेली असतात आणि सीलंट थकला की पाणी झिरपते. इलाज सोपा आहे: ६ मिमीच्या बोल्टसाठी आधी १२ मिमीचे भोक पाडून गाभा घट्ट इपॉक्सीने भरावा आणि सुकल्यावर त्यात ६ मिमीचे भोक पाडावे. मग सीलंट सुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना उलट भोके सैल हवीत, कारण ऊन लागले की पत्रा वाढतो. त्यांना पॉलिसल्फाइड सीलंट लावू नये, अ‍ॅक्रिलिक तडकते. ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, बरी.

इंधन आणि वीज थोडक्यात, पण गंभीरपणे. फोममध्ये गाडलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी खालून खड्डे पडून गळते. ती बाहेर काढून पाहावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल फायबरग्लासच्या जुन्या टाक्यांचे रेझिन विरघळवते. आत पेट्रोल इंजिन असेल तर मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर कधीही बसवू नये, त्याची ठिणगी बंद नसते आणि पेट्रोलच्या वाफा पेट घेऊ शकतात. वायर कथिलाचा मुलामा असलेली, मुख्य फ्यूज बॅटरीला अगदी लागून. पितळेचे थ्रू-हल, म्हणजे पाण्यासाठी कवचातून आरपार जाणारे फिटिंग, खाऱ्या पाण्यात जस्त गमावून गुलाबी आणि ठिसूळ होतात, ब्राँझचे घ्यावेत.

रंग सगळ्यात शेवटी. आधी सॉल्व्हंटने मेण पुसावे, मग घासावे. मूळ जेलकोट जेमतेम अर्धा मिमी असतो, तेव्हा दरवर्षी घासून चमकवण्यालाही मर्यादा आहे. तळाचा जुना शेवाळरोधक रंग कोरडा घासू नये. त्यात तांबे असते, आणि २००८ मध्ये जगभर बंदी लागू झालेले ट्रायब्यूटिलटिन हे विषारी कथिलाचे संयुगही असू शकते. पाणी मारूनच घासावा आणि गाळ गोळा करावा. टू-पॅक पॉलियुरेथेन, म्हणजे दोन डब्यांतले द्रव कालवून लावायचा रंग, फवारायचा असेल तर साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. ब्रश-रोलरने लावलेला रंगही उत्तम बसतो.

तेव्हा, संपादक महोदय, जुन्या बोटींचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो आपण यापुढेही जरूर छापा. मधे एक तिसरा फोटोही छापावा ही विनंती: ट्रान्समला पाडलेल्या भोकातून निघालेल्या भुशाचा.

आपला विश्वासू,
एक वाचक