पाककृतीतली वाटी केवढी, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की फराळाच्या कृती मोबाइलवर शोधल्या जातात, पुरवण्यांतूनही छापून येतात. बहुतेक कृतींत माप ‘एक वाटी’ असते. ती वाटी केवढी, हे क्वचितच कोणी सांगते. घरोघरच्या वाट्या 100 मिलिपासून 200 मिलिपर्यंत कितीच्याही असतात. अमेरिकी कृतीतला कप सुमारे 240 मिलिचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा आणि राइस कुकरसोबत येणारा 180 चा.

सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर फारसे बिघडत नाही. घोळ होतो तो ‘दोन वाट्या मैदा, 100 ग्रॅम लोणी, दोन अंडी’ अशा सरमिसळ मापांत. वाटी लहान घेतली म्हणून अंडे काही लहान होत नाही. मिश्रण पातळ होते आणि मग अंदाजाने मैदा वाढवला जातो. अशी कृती वाटीचे माप दिल्याशिवाय करूच नये.

नानकटाईचे उदाहरण घ्या. मैदा, तूप, पिठीसाखर 2:1:1 हे प्रमाण सगळीकडे सापडते, पण ते वाटीचे आहे. 240 मिलिच्या कपाने मैदा सुमारे 125 ग्रॅम भरतो, अर्धा कप तूप 108 ग्रॅम आणि अर्धा कप पिठीसाखर 60 ग्रॅम. हेच 2:1:1 वजनाचे समजून 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम तूप घेतले, तर पीठ मिळून येत नाही. मग वरून दूध घातले जाते आणि नानकटाई कडक होते. उलट, प्रमाण बरोबर असूनही वितळलेले तूप वापरले तर ती ओव्हनमध्ये पसरते. तूप थिजलेले हवे, हा शब्द कृतीत नसेल तर ती अर्धवटच म्हणायची. मैदाही कपात चमच्याने हलका भरला तर 120–125 ग्रॅम, दाबून भरला तर 150 च्या आसपास जातो.

अनारशांत हे आणखी नडते. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचे पीठ ओलसर असते. ते वाटीत सैल भरले की दाबून, चिरलेला गूळ कसा भरला, यावर सगळे अवलंबून. गूळ जास्त झाला की अनारसे तुपात पडताच हसतात, म्हणजे फुटून विरघळतात. म्हणून एकाच कृतीने एका घरी जाळी पडते, शेजारी तुपात नुसता चुरा. इथे पीठ आणि गूळ वजनानेच घ्यावेत. एवढे करूनही पहिला अनारसा हसलाच, तर उरलेल्या पिठात थोडे तांदळाचे पीठ मळून पुन्हा एकच तळून पाहावा.

परदेशी कृतींची गोष्ट थोडी वेगळी. ओव्हन ‘350 अंश’ म्हणजे फॅरनहाइट, आपले सुमारे 175 सेल्सिअस. आपल्या बहुतेक ओटीजींचा काटा 250 लाच थांबतो, त्यामुळे निदान ही चूक लगेच कळते. क्रीमची कळत नाही. तिकडच्या हेवी क्रीममध्ये स्निग्धांश 36 टक्क्यांच्या घरात असतो, आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25. फेटून घट्ट व्हायला किमान 30 लागतो. कमी असेल तर तासभर फेटूनही ते पातळच राहते.

व्हिडिओंतल्या वेळेवर तर विसंबूच नये. कांदा ‘पाच मिनिटांत’ खरपूस होत नाही. त्यात बहुतांश पाणीच असते आणि ते उडून गेल्यावरच रंग चढतो. तीन मध्यम कांदे मध्यम आचेवर वीस मिनिटे तरी घेतात.

नवी कृती निवडताना तीन-चार ठिकाणची प्रमाणे शेजारी-शेजारी लिहून काढावीत. एखादीत सोडा किंवा मोहन (पिठात घालायचे गरम तेल-तूप) इतरांच्या दुप्पट दिसले, तर ती सोडून द्यावी. एका कप मैद्याला पाव चमचा, म्हणजे सव्वा मिलि खाण्याचा सोडा साधारणपणे पुरतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच: पीठ, साखर, गूळ, तूप ग्रॅममध्ये छापा आणि वाटी वापरलीच तर ती किती मिलिची, ते खाली एका ओळीत द्या. कृती पाठवणाऱ्यांकडूनही हे मागता येईल. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचे. जितके ग्रॅम भरतील, तितक्या मिलिची ती वाटी.

आपली,
एक वाचक, ठाणे