'उतरलेला' विंचू आणि गार पडलेले हात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणात कुणाला विंचू चावला की भोवती जमलेली माणसे 'किती दुखतंय?' एवढेच विचारतात आणि ठणका कमी झाला की 'विंचू उतरला' म्हणून घरी परततात. माझ्या मते हाच समज सर्वांत घातक आहे. प्रौढ माणूस दंशाच्या जागी वेदनेने तळमळतो आहे, पण त्याचे हातपाय कोमट आहेत आणि अंग कोरडे आहे, तर विषाचा परिणाम बहुधा त्या जागेपुरताच राहतो. याउलट, फारसे न दुखता उलट्या होऊन दरदरून घाम सुटला आणि तळहात-तळपाय ओले व थंडगार पडले, तर लहान तांबड्या विंचवाचे विष हृदयावर चालून गेले आहे, असे समजावे. लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. अशा मुलाचा ठणका कमी झाल्याचे श्रेय मांत्रिकाला मिळते आणि मोलाचे तास हातचे जातात.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे 1982 साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, त्वचेतील रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हातपाय गार पडतात, त्याच वेळी घामाच्या ग्रंथी पाझरू लागतात आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकून फुप्फुसांत पाणी साठते. या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी उपचारात आणल्यावर मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. पण हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते आणि रुग्ण वेळेत पोहोचला तरच त्याचा उपयोग.

म्हणून दंशानंतर काही तास आपल्या हाताच्या पाठीने रुग्णाचे तळहात-तळपाय वरचेवर चाचपून पाहावेत. ते गार व ओले लागले, तर घाम पुसत, घोंगडी पांघरून वाट पाहत बसू नये. जखम चिरणे, आवळपट्टी बांधणे टाळावे, रुग्णाला चालवू नये आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने आरोग्य केंद्र गाठावे. (मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असला, तरी जीवघेणा बहुधा हा तांबडाच, हेही अनेकांना ठाऊक नसते.)

विंचवाचा संबंध नसतानाही असा गार घाम दुर्लक्षू नये. छातीत जडपणा असताना तो आला, तर 'पित्त झाले' म्हणून सोडा पिणे धोक्याचे असते. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला तो फुटला, तर शुद्ध असेपर्यंत लगेच साखर द्यावी.

भातकापणीनंतर पेंढा आणि लाकडाच्या मोळ्या हाताळताना दंश होतात. त्याआधीच आशा सेविकांनी वाडीवाडीवर ही हात चाचपून पाहण्याची रीत दाखवावी, एवढी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, रायगड जिल्हा