तालुका एक, आमदार चार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेबद्दल अलीकडे जे छापून येते ते बहुतेक लोकसभेविषयी असते, आणि त्यातही उत्तरेच्या जागा किती वाढतील व दक्षिणेचे नुकसान किती होईल, याच्या पलीकडे ते सहसा जात नाही. ही चर्चा महत्त्वाची आहेच. परंतु सामान्य माणसाचा सरकारशी जो संबंध येतो तो खासदारापेक्षा आमदारामार्फत अधिक येतो आणि आमदाराचा मतदारसंघही याच पुनर्रचनेत नव्याने आखला जाणार आहे. त्या आखणीत मागच्या वेळी जे झाले ते पुन्हा होऊ नये, यासाठी हे पत्र.

मी पंढरपूर तालुक्यातला रहिवासी आहे. २००८ साली अमलात आलेल्या पुनर्रचनेत हा एक तालुका चार विधानसभा मतदारसंघांत वाटला गेला. पंढरपूर शहर आणि भोवतालची गावे मंगळवेढ्याच्या जोडीला गेली, करकंबचा भाग माढ्याला, भाळवणीचा सांगोल्याला आणि पुळूजचा मोहोळला जोडला गेला. शिवाय माढा व सांगोला हे मतदारसंघ माढा लोकसभेत आणि पंढरपूर व मोहोळ हे सोलापूर लोकसभेत मोडतात. म्हणजे पंचायत समिती एक, तहसीलदार एक, गटविकास अधिकारी एक. आमदार मात्र चार आणि खासदार दोन.

आमदार चार म्हणजे कामेही चौपट, असे बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात करकंबकडच्या शेतकऱ्याचा सातबारा आणि फेरफार, रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज, घरकुलाची यादी हे सगळे पंढरपूरच्या कचेरीत असते आणि त्याचे मत असते माढ्याच्या उमेदवाराला. त्या आमदाराची बैठक, त्याचे कार्यकर्ते, अधिकाऱ्यांशी त्याचा रोजचा राबता हे सारे माढा तालुक्यात. पंढरपूरच्या तहसीलदाराच्या टेबलावर शेजारच्या तालुक्यातल्या आमदाराचे पत्र आणि पंढरपूरच्या आमदाराचे पत्र शेजारी शेजारी पडले तर दोन्हींचे वजन सारखे नसते, हे ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. पंढरपूरच्या आमदाराकडे जावे, तर तो गावाचे नाव विचारतो आणि नाव ऐकल्यावर नम्रपणे सांगतो की आपला भाग आमच्याकडे येत नाही. त्याचेही चुकत नाही; पुढच्या निवडणुकीत ते गाव त्याला मत देणार नसते.

पंचायत समितीची आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते आणि गावोगावचे लोक त्या दिवशी अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारतात. निदान तशी अपेक्षा असते. तालुका आणि मतदारसंघ एक असेल तर आमदारालाही तिथे उत्तर द्यावे लागते. तालुका चौघांत वाटलेला असला की अध्यक्षस्थानी कोणीही बसो, उरलेल्या तिघांच्या गावांचे प्रश्न ‘संबंधित लोकप्रतिनिधींना कळवू’ या एका वाक्यात निकालात निघतात. मला पुनर्रचनेचा खरा दोष इथे दिसतो. प्रतिनिधी आहे, पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचे ती यंत्रणा त्याच्या हाताखाली नाही, आणि ती यंत्रणा ज्याचे ऐकते त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

आमच्याकडेच असे झाले असेही नाही. माढा तालुक्यातली ३६ गावे करमाळा मतदारसंघात आहेत, खुद्द कुर्डुवाडी शहर त्यातच येते. या ३६ गावांचा कौल कोणाकडे, याची चर्चा दर निवडणुकीत रंगते आणि त्या महिन्या-दीड महिन्यात तिथल्या पुढाऱ्यांना मोठा भाव असतो. मतमोजणी झाली की गावे पुन्हा काठावर जातात.

आता हे कोणी मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंह होते आणि २००२ च्या पुनर्रचना कायद्याने आयोगाला जे करायला सांगितले होते ते आयोगाने केले. घटनेच्या अनुच्छेद १७० प्रमाणे राज्यातील प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या आणि त्याला मिळालेली जागा यांचे प्रमाण शक्य तितके सर्वत्र सारखे असले पाहिजे. राज्याच्या २८८ जागा कायम ठेवून २००१ च्या जनगणनेनुसार हिशेब केला, तर एका जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार लोकसंख्या येत होती. तो आकडा धरून आधी जिल्ह्यांना जागा वाटल्या गेल्या आणि मग जिल्ह्याच्या आत मतदारसंघ आखताना सरासरीपेक्षा साधारण दहा टक्के कमी-जास्त चालेल, असे धोरण ठेवले गेले. सोलापूर जिल्ह्याच्या जागा त्यात १३ वरून ११ झाल्या. दोन मतदारसंघ मोडायचे म्हटल्यावर उरलेल्यांत ओढाताण होणारच. पंढरपूर तालुका एका जागेला जास्त होत होता, मंगळवेढा कमी पडत होता, माढ्यातून काही करमाळ्याला द्यायचे तर माढ्याला दुसरीकडून काही आणून द्यायचे, असे करत करत महसूल मंडळे (तालुक्यातले गावांचे गट) इकडून तिकडे गेली.

त्याच वेळी आरक्षित जागाही बदलल्या. राज्यात अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ आणि अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५ झाल्या, जे लोकसंख्येला धरूनच होते. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढा हा आरक्षित मतदारसंघ संपला आणि मोहोळ व माळशिरस आरक्षित झाले. २००९ मध्ये लक्ष्मणराव ढोबळे मंगळवेढ्याऐवजी मोहोळमधून उभे राहिले आणि निवडून आले; माळशिरसचे विजयसिंह मोहिते-पाटील पंढरपुरात आले आणि भारत भालके यांच्याकडून पराभूत झाले. पुढाऱ्यांच्या या स्थलांतराच्या बातम्या त्या वेळी आवडीने वाचल्या गेल्या. करकंब, भाळवणी, पुळूजच्या वाटणीची बातमी कुठल्या पानावर होती, ते कोणाच्या लक्षात नसेल.

२००२ च्या त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये लोकसंख्येच्या जोडीला आणखी काही कसोट्या दिलेल्या आहेत. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा आणि आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या विद्यमान सीमा, दळणवळणाच्या सोयी व लोकांची सोय यांचा विचार व्हावा, असे ते कलम सांगते. म्हणजे तालुक्याची हद्द ही कायद्याच्या दृष्टीनेही दुय्यम बाब नाही. मात्र आकडा मोजता येतो आणि सोय मोजता येत नाही, त्यामुळे दोहोंचा झगडा झाला की आकडा जिंकतो.

तो आकडा किती काळ टिकला, हे पाहण्यासारखे आहे. ज्या समानतेसाठी तालुके कापले गेले ती समानता २००१ च्या जनगणनेपुरती होती, आणि निवडणुका मात्र २००९ पासून पुढे होत राहिल्या. ठाणे जिल्ह्याला (तेव्हा पालघर त्यातच होते) २४ जागा मिळाल्या, सिंधुदुर्गला ३. २००१ च्या लोकसंख्येवर दोन्ही वाटे योग्यच होते. २०११ च्या जनगणनेत ठाण्यात एका आमदारामागे ४ लाख ६० हजार लोक होते आणि सिंधुदुर्गात २ लाख ८३ हजार. मुंबई शहर जिल्ह्याच्या जागा १७ वरून १० वर आणल्या, उपनगरच्या १७ वरून २६ वर नेल्या, रत्नागिरी जिल्ह्यातले खेड आणि संगमेश्वर हे जुने मतदारसंघ पुसले गेले. एवढी उलथापालथ करूनही २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चिंचवडमध्ये सहा लाखांहून अधिक मतदार होते, पनवेलची गत तशीच होती, आणि वडाळ्यात दोन लाखांच्या थोडे वर. (गोव्यात २०२२ च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदारांना ४० आमदार होते, चिंचवडएवढ्या मतदारांसाठी तिथे वीसहून अधिक आमदार निवडले गेले. लहान राज्यांची गोष्ट वेगळी, हे मान्य. तरी तुलना मनात येतेच.)

म्हणजे दहा टक्क्यांच्या आत राहण्यासाठी जे तालुके तोडले, त्यांचे ते दहा टक्के एका दशकात वाहून गेले आणि तोडलेपण मात्र तसेच राहिले. आकड्याची अचूकता नाशवंत असेल आणि हद्दीची मोडतोड पुढच्या पुनर्रचनेपर्यंत कायम राहणार असेल, तर दोन्हींना किती किंमत द्यायची, याचा हिशेब नव्याने मांडायला नको का?

एकूण जागांचा प्रश्न याला जोडूनच येतो. १९७८ च्या निवडणुकीपासून आपल्या विधानसभेच्या जागा २८८ आहेत. १९७१ च्या जनगणनेनुसार त्या जागांवर सरासरी पावणेदोन लाख लोकांमागे एक आमदार येत होता. २०११ मध्ये हे प्रमाण ३ लाख ९० हजारांवर गेले. ४२ व्या आणि नंतर ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची ही संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली. जागा वाढल्या तर तालुके कमी तोडावे लागतील, एवढेच या संदर्भात म्हणतो. विधानभवनात किती खुर्च्या मावतात, हा वेगळा विषय.

यात पैशाचीही एक बाजू आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे आणि तो सगळ्यांना सारखा. चिंचवडमध्ये तो दर मतदारामागे ऐंशी रुपयांच्याही आत येतो, वडाळ्यात सव्वादोनशेच्या पुढे जातो. उमेदवाराच्या खर्चाची चाळीस लाखांची मर्यादाही दोन्हीकडे तीच. आणि तोडलेल्या तालुक्यात या पाच कोटींतला किती भाग शेजारच्या तालुक्यातल्या मंडळाला मिळतो, हे पाहायचे तर प्रत्येक आमदाराची कामांची यादी गावनिहाय चाळावी लागते. ती चाळण्याचे कष्ट कोणी घेत नाही आणि म्हणून कोणी विचारतही नाही.

आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली जनगणना ही २०२६ नंतरची पहिली जनगणना आहे. तिच्या आधारे पुनर्रचना झाली की विधानसभांच्या एकूण जागांवरचे बंधन सुटते. १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी ठेवलेल्या एक तृतीयांश जागाही पुनर्रचनेलाच जोडलेल्या आहेत. आजच्या २८८ वर हिशेब केला तरी त्या ९६ होतात आणि पुढच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर त्या फिरणार आहेत. एवढे सगळे एकाच वेळी नकाशावर येणार असल्याने राजकीय पक्षांचे लक्ष कोणती जागा कोणासाठी राखीव होते याकडे असेल, आणि एखादे महसूल मंडळ कुठे गेले हे विचारायला कोणाला सवड नसेल.

ती सवड आपल्यालाच काढावी लागेल, कारण वेळ निघून गेली की दाद मागायला जागा फार थोडी उरते. आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचे बळ येते आणि घटनेच्या अनुच्छेद ३२९ मुळे न्यायालयाचे दार जवळजवळ बंद होते. १९६६ च्या मेघराज कोठारी प्रकरणातील निकालापासून ही भूमिका चालत आली आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश उघडपणे मनमानी असेल तर पुनरावलोकन होऊ शकते, असे म्हटले. तथापि एका मंडळाची गैरसोय म्हणजे उघड मनमानी, असे कोणते न्यायालय मानील? आयोगावर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो आणि निर्णयावर सहीही नसते. उरतो तो मसुदा. तो प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत लेखी हरकती घेतल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते. सामान्य मतदाराच्या हातात एवढेच आहे.

त्या वेळी मागायचे काय, तर माझ्या मते तालुका हा आखणीचा मूळ घटक मानावा आणि तो अखंड राहत असेल तर सरासरीपासून पंधरा टक्क्यांपर्यंतचा, म्हणजे मागच्या दहापेक्षा पाच टक्के जास्त, फरक चालवून घ्यावा. तालुका तोडणे अटळच असेल तर त्याचे दोनच भाग व्हावेत, आणि तोडलेला भाग ज्या मतदारसंघात जाईल तो निदान त्याच लोकसभा मतदारसंघात असावा. यावर कोणी म्हणेल की एका मताची किंमत दुसऱ्याइतकीच असली पाहिजे, त्यात पाच टक्क्यांचीही सूट कशाला. तत्त्व बरोबर आहे. पण चिंचवड आणि वडाळा यांच्यात आज तिप्पट फरक आहे आणि तो तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी इतकी वर्षे सोसला आहे, तेव्हा तालुका एकसंध ठेवण्यासाठी पाच टक्के सोसायला हरकत नसावी. ग्रामपंचायतींनी आपल्या मंडळापुरते ठराव ग्रामसभेत करून तयार ठेवले, तर मुदत थोडी असली तरी धावपळ होणार नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा कोणत्या पुढाऱ्याचा मतदारसंघ गेला याच्या बातम्या आपण द्यालच. त्याबरोबर प्रत्येक जिल्हा आवृत्तीत कोणते महसूल मंडळ कोणत्या मतदारसंघात टाकले आहे याची पूर्ण यादी, हरकतींचा पत्ता आणि शेवटची तारीख यांसह एका पानावर छापावी. जाहिरातींच्या गर्दीत ते पान मागे पडले तरी चालेल, आम्ही ते शोधून काढू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
पंढरपूर तालुका, जि. सोलापूर